रंग धरत नाही, पेशी धरत नाहीत

माझ्या कमरेच्या उजव्या बाजूला, पट्टा येतो त्या जागी, चार बोटे लांबीचा व्रण आहे. मोडला होता तो मात्र पाय. २००९ च्या पावसाळ्यात पवनीहून कोंढ्याला परतताना मोटारसायकल घसरली आणि नडगीचे हाड दोन जागी मोडले. मधला तुकडा कामातून गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी आत सळी बसवली, पण हाडातली फट काही भरेना. सहा महिन्यांनी त्यांनी माझ्याच कमरेच्या हाडाचा चुरा काढून तो नडगीत भरला. नडगी जुळली. कमर त्यानंतर दोन वर्षे दुखत राहिली; पायापेक्षा जास्त.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना विचारले होते, "कमर कशाला कापता? एवढ्या वस्तू प्लास्टिकच्या निघाल्या, हाडाची नाही निघाली?" ते म्हणाले, "निघाल्या आहेत, प्रयोग चालू आहेत. पण प्लास्टिकला हाडाच्या पेशी लवकर धरत नाहीत."

'धरत नाहीत' हे शब्द माझ्या डोक्यात अडकले, कारण ते मी पूर्वी ऐकलेले होते. पवनीला माझे आजोळ. मामा कोष्टी, मागावर बसणारे. कोशाच्या सुताबद्दल त्यांची कायमची तक्रार होती: "ह्या सुताले रंग धरत नाही." कापसाला रंग धरतो, तुतीच्या रेशमाला धरतो, कोसा मात्र अडून बसतो. रंगाचे न धरणे आणि पेशींचे न धरणे या दोन्ही गोष्टी शेवटी पृष्ठभागाच्याच आहेत, हे कळायला मला पुढची पाच-सहा वर्षे लागली.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो. कोंढ्यात माझे बी-बियाण्यांचे दुकान आहे. पवनी, मोहाडी, आंधळगाव या भागातल्या विणकामाची माहिती गोळा करणे हा पंचवीस वर्षांचा नाद. रसायनशास्त्र शाळेत शिकलो तेवढेच. बाकीचे शब्दकोश जवळ ठेवून वाचले. प्रयोगशाळेतल्या माणसाला या लेखात काही नवे सापडणार नाही. मागावरच्या माणसाला कदाचित सापडेल.

कोसा म्हणजे टसर. त्याचा किडा ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढतो. आमच्याकडे तो वाढवण्याचे काम मुख्यतः ढिवर समाजाने केले. पावसाळ्यात जंगलात राहायचे, पाखरे आणि मुंग्यांपासून किडे राखायचे, गोफण हातात ठेवायची. ड्रू ड्रुरी नावाच्या इंग्रज कीटकसंग्राहकाने १७७३ मध्ये या पतंगाचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्याला अँथेरिया मायलिटा म्हणतात. या जातीचे प्रदेशागणिक कितीतरी वाण आहेत आणि टसरच्या शास्त्रीय साहित्यात त्यांपैकी एकाचे नाव 'भंडारा' असेच आहे. ते पहिल्यांदा छापलेले पाहिले तेव्हा मी तो कागद मामांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, "मग भाव काहून नाही भेटत?"

कोशाचे कवच लाकडासारखे टणक असते. किड्याने दोन बारीक तंतू एका चिकट द्रव्याने एकमेकांना डकवून ते विणलेले असते. तंतू फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा, चिकट द्रव्य सेरिसिनचे. ते सुटल्याशिवाय सूत निघत नाही, म्हणून कोसे सोड्याच्या पाण्यात उकळायचे. त्याआधी राखेचे पाणी वापरत. मग बाया एकेका कोशाचे टोक शोधून, चार-पाच टोके एकत्र घेऊन, मांडीवर पीळ देत सूत काढत. माझ्या आजीच्या मांडीवरची कातडी त्या जागी काळी आणि गुळगुळीत झाली होती. सोडा किती घालायचा, किती वेळ उकळायचे, हे तिच्या हाताला ठाऊक होते. कमी झाला तर सूत सुटत नाही, जास्त झाला तर धाग्याचे केस उभे राहतात. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आजी रोज क्षाराने प्रथिनाच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करत होती.

कोशातून बाहेर पडणारा पतंगही हेच करतो, फक्त सोड्याशिवाय. काफाटोस आणि विल्यम्स या संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवून दिले, की अँथेरियाच्या कुळातले पतंग तोंडातून एक पाचकरस सोडून कोशाच्या टोकाचा डिंक विरघळवतात आणि तंतू न तोडता त्यांच्यामधून वाट काढतात.

आता रंगाकडे वळू. टसर रंग धरत नाही ही तक्रार माझ्या मामांपेक्षा फार जुनी. इंग्लंडातल्या लीक गावचा रंगारी टॉमस वॉर्डल याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानी जंगली रेशमांवर वर्षानुवर्षे काम केले. तुतीचा तंतू बराचसा गोलसर, टसरचा चपटा फितीसारखा आणि मुळातच तपकिरी. आधी तो तपकिरीपणा काढायचा, म्हणजे विरंजन करायचे, आणि मग रंग चढवायचा, पण तंतू कमजोर होऊ द्यायचा नाही, असा तो पेच होता. वॉर्डलला त्यात यश आले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने रंगवलेले टसर मांडले. १८८१ मध्ये त्याचे हिंदुस्थानच्या जंगली रेशमांवरचे पुस्तक निघाले. त्याच सुमारास आपल्या पुण्यात मेजर कूस्मेकर नावाचा लष्करी अधिकारी टसरचा किडा माणसाच्या देखरेखीखाली वाढवता येतो का, याचे प्रयोग करत होता. सगळ्यांचे लक्ष कापडावर होते. या धाग्याचा हाडाशी संबंध येईल असे त्या काळात कोणाच्या स्वप्नातही नसणार.

हाडाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. हाड म्हणजे दगड नव्हे. वजनाने सुमारे दोनतृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचा, उरलेला बहुतेक कोलॅजन या प्रथिनाचा, आणि त्यात राहून आयुष्यभर मोडतोड व बांधकाम करणाऱ्या पेशी. लहान फट त्या आपोआप भरतात. फट मोठी असेल तर त्यांना पलीकडे जायला आधार लागतो. गवंडी परांची बांधून भिंत चढवतो, तसेच. परांची बांबूची असते आणि भिंत झाली की काढून टाकतात. शरीरातली परांची अशी हवी, की हाड तयार होता होता ती स्वतःच विरघळून जावी.

१९६५ मध्ये अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले, तर तिथेही नवे हाड तयार होते असे दाखवले. म्हणजे हाडात 'इथे हाड बांधा' असा काहीतरी निरोप असतो. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खिळे बसवून त्यावर दात उभे केले. टायटॅनियमच्या पृष्ठभागाला हाड घट्ट जुळते हे त्यांना आधी सशांवरच्या प्रयोगात जवळजवळ अपघातानेच दिसले होते. पण टायटॅनियम विरघळत नाही. विरघळणारे पॉलिमर १९७० च्या आसपास शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी वापरात आले. ते टाके पोटात राहतात आणि काही आठवड्यांत नाहीसे होतात. याच घराण्यातल्या पॉलिमरची सच्छिद्र परांची करून तिच्यात पेशी वाढवाव्यात, ही कल्पना रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी १९९३ मध्ये 'सायन्स'मधल्या लेखात नीट मांडली आणि 'ऊती अभियांत्रिकी' हे नाव सर्वतोमुखी झाले.

आणि इथेच माझ्या डॉक्टरांचे वाक्य येते. हे पॉलिमर मेणचट असतात, पाण्याला दूर लोटणारे. अळूच्या पानावर थेंब गोळा होऊन घरंगळतो, तसा. थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो तो मोजून पृष्ठभागाचा स्वभाव ओळखता येतो. ही मांडणी टॉमस यंगने १८०५ मध्येच केली होती. पेशी थेट प्लास्टिकला चिकटत नाही. आधी रक्तातली प्रथिने पृष्ठभागावर बसतात आणि त्या प्रथिनांना पेशी धरते. पृष्ठभाग मेणचट असला तर प्रथिने बसतात खरी, पण वेडीवाकडी होऊन बसतात आणि पेशीला जिथे पकडायचे ती जागाच झाकली जाते. प्रयोगशाळांना हे पूर्वीपासून माहीत होते. काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशी पॉलिस्टायरिनच्या बशीत नीट चिकटेनात, म्हणून त्या बशांना आम्लाची किंवा विजेच्या विसर्गाची प्रक्रिया देऊ लागले. आजही पेशीसंवर्धनाची प्लास्टिकची बशी अशा प्रक्रियेतून गेलेली असते.

परांचीसाठीही तेच उपाय पुढे आले. एक उपाय आजीचा: क्षार. १९९८ मध्ये लँगर यांच्या गटाने पॉलिग्लायकोलिक आम्लाची जाळी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवली. वरचा थर थोडा तुटला, पाणी धरणारी टोके उघडी पडली आणि जाळीवर जास्त पेशी बसल्या. तो प्रयोग रक्तवाहिन्यांच्या पेशींवर होता, पण तत्त्व तेच. यातली काळजीसुद्धा आजीचीच: द्रावण तीव्र झाले, वेळ वाढला, की धागा पोखरतो.

दुसरा उपाय प्लाझ्माचा. विरळ वायूतून वीज सोडली की त्यातले अणू विद्युतभारित होतात. अशा वायूला 'प्लाझ्मा' हे नाव अर्व्हिंग लँगम्यूरने १९२८ मध्ये दिले. रस्त्यावरच्या निऑनच्या पाटीत तोच चमकतो. प्लाझ्मात धरलेल्या वस्तूचा फक्त वरचा, डोळ्याला न दिसणारा थर बदलतो, आतली ताकद तशीच राहते. आणि इथे मला माझ्या शोधातला सर्वांत आनंदाचा धागा मिळाला. १९७८ मध्ये मुंबईचे एन. व्ही. भट आणि जी. एस. नाडिगेर यांनी 'टेक्स्टाइल रिसर्च जर्नल'मध्ये एक निबंध छापला. विषय: नायट्रोजनच्या प्लाझ्माचा टसरच्या धाग्यावर आणि कापडावर होणारा परिणाम. ऊती अभियांत्रिकी हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी आपल्या कोशाचा पृष्ठभाग प्लाझ्माने बदलून पाहिला गेला होता, तोही महाराष्ट्रात, कापडासाठी. पुढे माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत आर. आर. देशमुख यांनी पॉलिएस्टर, पॉलिएथिलीन अशा प्लास्टिकच्या पटलांवर प्लाझ्माचे परिणाम अभ्यासले: छपाईची शाई का धरते, थेंब का पसरतो. शाई, रंग, पेशी. प्रश्न फिरून तोच. या कामाची मराठीत कोणी फारशी दखल घेतलेली मी वाचलेली नाही. आपण संताजी-धनाजींच्या घोड्यांच्या टापा मोजत बसतो.

तिसरा उपाय खनिजाचा. जपानमध्ये तादाशी कोकुबो यांनी माणसाच्या रक्तद्रवात जेवढे क्षार असतात जवळपास तेवढेच असलेले पाणी तयार केले आणि १९९० मध्ये दाखवले, की योग्य वस्तू त्यात ठेवली तर तिच्यावर हाडासारख्या खनिजाचा थर आपोआप चढतो. पॉलिमरची परांची आधी क्षाराने किंवा प्लाझ्माने 'जागी' करून अशा पाण्यात ठेवायची, म्हणजे तिला हाडाचा गिलावा होतो.

चौथा उपाय मात्र आपल्याला परत ऐनाच्या झाडाखाली आणतो. १९८४ मध्ये पियर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी शोधले, की पेशी प्रथिनाला जिथे पकडते ती मूठ फार लहान असते. आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा क्रम एवढाच काय तो. मग लोक हा क्रम प्रयोगशाळेत बनवून प्लास्टिकवर डकवू लागले. तुतीच्या रेशमात ही मूठ नाही. टसरच्या फायब्रॉइनमध्ये ती निसर्गतःच आहे.

या गोष्टीचा पाठपुरावा केला तो खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. अडचण पुन्हा टसरच्या हट्टीपणाची. तुतीचे रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळते, टसर विरघळायला फार कठीण. म्हणून त्यांनी कोशाऐवजी कोसा विणण्याच्या बेतात असलेल्या अळीच्या रेशीमग्रंथीतूनच प्रथिन घेतले. २००८ मध्ये मंडल आणि कुंडू यांनी त्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे २०१५-१६ च्या सुमारास याच गटाने पॉलिकॅप्रोलॅक्टोन या सावकाश विरघळणाऱ्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी करून तिच्या पृष्ठभागावर टसरचे फायब्रॉइन जोडले आणि ती हाडासाठी तपासली. अशा जोडणीची एक रूढ रीत अशी: दोन्ही टोकांना अमाइन असलेला रेणू घ्यायचा, त्याचे एक टोक पॉलिमरला बांधायचे, दुसऱ्या मोकळ्या टोकाला प्रथिन गाठायचे. म्हणजे अंगावर प्लास्टिक, त्याच्यावर कोशाची शाल. नुसत्या प्लास्टिकपेक्षा अशा जाळीवर हाडाच्या पेशी चांगल्या बसल्या आणि वाढल्या.

यावर माझे एक मत नोंदवतो. तीन अमिनो आम्लांची मूठ आहे म्हणून सगळे साधले, असा सूर काही निबंधांत दिसतो, तो मला पटत नाही. मूठ प्रथिनाच्या आत दुमडलेली असेल तर पेशीला तिचा काय उपयोग? ती पृष्ठभागावर उघडी हवी, आणि ते प्रथिन कसे वाळवले, कशावर पसरले, यावर ठरते. मागावरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. एकाच कोशाचे सूत दोन हातांनी काढले तर दोन प्रकारचे निघते.

महाराष्ट्रात याच्या जवळचे काम पुण्यात झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या फायब्रॉइनचे सूक्ष्म कण करून ते रेशमाच्याच द्रावणाने एकमेकांना जोडले आणि हाडासाठी दाब सहन करणारी, सावकाश विरघळणारी परांची बनवली. २०१८ मध्ये ते 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आले. त्यातूनच सेरिजेन ही कंपनी निघाली. हे रेशीम तुतीचे. ते सहज विरघळते, एकसारखे मिळते. कारखान्याला एकसारखेपणा लागतो, आणि जंगलात, पावसात, ढिवराच्या राखणीत वाढलेला कोसा एकसारखा नसतो. मला यात अन्याय दिसत नाही, पण आमच्या भागातल्या लोकांनी हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर माझ्यासारखी फजिती होते.

ती फजिती अशी. २०१७ मध्ये एका वाचनालयाच्या व्याख्यानात मी उत्साहाच्या भरात बोललो, की आपल्या भंडाऱ्याच्या कोशापासून आता माणसाचे हाड तयार होते. टाळ्या पडल्या. अर्जुनाची साल आयुर्वेदात हाड जुळायला देतात आणि कोसाही अर्जुनावरच वाढतो, हेही मी जोडून दिले. ते तर निव्वळ योगायोगाला शास्त्राचे कपडे घालणे होते. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी दुकानात आला. पिशवीतून क्ष-किरणाचे चित्र काढून काउंटरवर ठेवले. पोरगा एकोणीस वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण, खुब्याचा गोळा झिजलेला. "का जी भाऊ, माह्या पोराच्या खुब्यात तो कोसा बसवता येते का? कोसे किती लागतीन ते मी आणून देतो."

त्याने कोसे आणले असते. मला त्याला सांगावे लागले, की मी बोललो ते पेशींवरचे आणि जनावरांवरचे प्रयोग होते, दवाखान्यातले नव्हते. आणि सिकलसेलमध्ये खुबा झिजतो तो रक्ताचा पुरवठा तुटल्यामुळे. तिथे नुसती चांगली परांची घालून भागत नाही, गवंड्यापर्यंत पाणी-सिमेंट पोचवणारी वाटच बंद असते. तो ऐकून घेत होता. मग चित्र गुंडाळून म्हणाला, "पण पेपरात तर आलं होतं." पेपरात माझ्याच व्याख्यानाची बातमी होती. मी त्याला सिकलसेलच्या तपासणीची आणि उपचारांची जेवढी माहिती होती तेवढी दिली, नागपूरला कुठल्या विभागात जायचे ते कागदावर लिहून दिले. पुढच्या वर्षी त्याच वाचनालयात उभा राहून आधीचे वाक्य मागे घेतले. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत, बातमीही आली नाही. हा लेख लिहायला घेतला तो त्यामुळे.

गेल्या उन्हाळ्यात पवनीला गेलो होतो. मामा आता ऐंशीच्या पुढे. माग केव्हाच मोडला, त्याचे लाकूड माडीवर पडून आहे. मुले बांधकामावर जातात. मी सोबत काही छापील पाने नेली होती, त्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले रेशमाच्या तंतूचे चित्र होते, हजारो पटींनी मोठे केलेले. मामांनी चष्मा चढवला, कागद उजेडाकडे धरला. तंतूच्या कडेला बारीक केस सुटलेले दिसत होते. बराच वेळ पाहून त्यांनी त्या जागेवर बोट ठेवले.

"इथं सोडा जास्त झाला," ते म्हणाले.